आभाराच्या दोन ओळी

औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून मामांची सत्तावीस वर्षं गेली, आणि त्यातली निम्मी तरी गिनिपिगच्या आतड्यात गेली. आतड्याचा बोटभर तुकडा काचेच्या नळीत, कोमट क्षारांच्या द्रावणात टांगायचा, खालून हवेचे बुडबुडे सोडायचे आणि औषधाचा थेंब पडला की तो आखडतो की सैलावतो, हे कागदावर उमटवायचं. आतडं न फाडता त्यात दोरा ओवणं भल्याभल्यांना जमत नसे. विभागाचे प्रमुख सर तीनदा फाडून झाल्यावर "मामा, जरा बघा हो" म्हणत बाजूला सरत आणि नंतर विद्यार्थ्यांना तोच दोरा स्वतःचा म्हणून दाखवत.

मामांना हाव एकाच गोष्टीची होती. औषधशास्त्राच्या राष्ट्रीय परिषदेचा अंक ग्रंथालयात आला की ते प्रत्येक लेखाचं शेपूट तेवढं वाचत. तिथे आभार असतात. यंत्र देणाऱ्या कंपनीचे आभार, प्रोत्साहनाबद्दल अधिष्ठात्यांचे आभार. एका पठ्ठ्याने तर सहनशीलतेबद्दल बायकोचे मानले होते. दोरा ओवणाऱ्याचे कुणी मानलेले मामांना कधी दिसले नाहीत. एकदा तरी आपलं नाव तिथे छापून यावं, असं त्यांना फार वाटे, आणि ते घरी बोलूनही दाखवत.

मग सरांनी एक औषध हाती घेतलं. ते दुसऱ्या आजारावर आधीपासून वापरात होतं. पोटातल्या कळांवरही चालतं का, हे सरांना बघायचं होतं. मामांनी नवं द्रावण मोठ्या बरणीत भरून ठेवलं, आणि काय सांगावं, औषध पडलं की आतडं अगदी गप्प. सर हरखले. तीन दिवस त्याच बरणीवर काम चाललं. तिसऱ्या संध्याकाळी कपाट आवरताना मामांच्या हाताला त्या द्रावणासाठी आणलेली कॅल्शियमची बाटली लागली. तिचं सील फोडलेलंच नव्हतं. कॅल्शियम सगळ्यात शेवटी घालायचं, नाहीतर द्रावण गढूळ होतं. नेमकी तेव्हाच सरांची हाक आली होती आणि ते राहून गेलं होतं. कॅल्शियम नसेल तर आतड्यातली ताकद तशीही हळूहळू जाते. औषधाचा त्यात काही संबंध नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सरांना सगळं सांगितलं.

"परिषदेचं अधिवेशन दहा दिवसांवर आलंय, मामा," सर म्हणाले. "आता पुन्हा प्राणी कुठून आणू? हे आपल्यातच राहू द्या." दारापर्यंत जाऊन ते वळले. "आणि हो, या वेळी आभारात तुमचं नाव घालतो. चांगल्या दोन ओळी."

त्या दोन ओळींसाठी मामांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. सरांना परिषदेचं पदक मिळालं. अंकात आभार होते, कंपनीचे आणि अधिष्ठात्यांचे. "संपादकांनी कापलं हो, जागा नव्हती," सर म्हणाले. मामांनी तेही गिळलं.

परिषदेला नावं ठेवायला जागा पुष्कळ आहे, पण एक काम ती चोख करते: पदक मिळालेला प्रयोग तीन वेगवेगळ्या शहरांत पुन्हा करून बघते. तिन्हीकडे आतडं काही गप्प बसलं नाही. ते औषधाला न जुमानता आखडत राहिलं. मग दोघांची समिती आली. मामांनी काहीही लपवलं नाही. कॅल्शियम घालायचं राहिलं, हे समितीतल्या बाईंनी लिहून घेतलं. "आणि मी सरांना अधिवेशनाआधीच सांगितलं होतं," असं मामा म्हणाले, तेव्हा बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"ते आमच्या कक्षेत येत नाही," त्या म्हणाल्या.

पुढच्या अंकात चौकट आली. 'द्रावण बनवणाऱ्या सहायकाच्या निष्काळजीपणामुळे निष्कर्ष चुकीचे निघाले. संशोधकांचा यात दोष नाही.' पदक सरांकडेच राहिलं.

तो अंक मामांच्या मुलीने घरी आणला. ती मोठ्या दवाखान्यात नर्स होती. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तिने चौकट वाचून दाखवली.

"बाबा, हा सहायक म्हणजे तुम्हीच ना?"

"मीच. पण मी सरांना सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी."

"आधीचा लेख वाचून आमच्या डॉक्टरांनी हेच औषध चालू केलं होतं. अकरा पेशंट होते. कळा थांबत नव्हत्या, म्हणून आम्ही डोस वाढवत होतो. एक म्हातारी माझा हात धरून रात्रभर कण्हत होती." तिचा आवाज चढला नाही. "सर ऐकत नव्हते तर परिषदेला का नाही कळवलंत?"

मामांना सरांवर ढकलता आलं असतं. नोकरीची भीती सांगता आली असती, आणि तिला ती पटलीही असती.

"आभारात नाव यायचं होतं," ते म्हणाले.

मुलीने अंक ओट्यावर ठेवला आणि डबा न घेताच ती ड्यूटीवर निघून गेली.