सहाव्या पानावरचं पॅकिंग

चूक माझीच होती. म्हणून साहेबाने सगळ्यांसमोर विचारलं, "वाचता येतं ना तुम्हाला?" तेव्हा मी मान खाली घातली.

सातपूरच्या कारखान्यात मी कामगारांचा प्रतिनिधी. पूर्वी बोर्डावर नोटीस लागली की चहाच्या सुट्टीत मी ती मोठ्याने वाचायचो. कुणीतरी अडवायचं, परत वाचायला लावायचं. मग नोटिसा मोबाइलवर यायला लागल्या आणि वाचणं संपलं.

नवे नियम आले, आठ पानं. एका हातात चहा, दुसऱ्या हाताचा अंगठा पानं सरकवतोय. मध्येच भाच्याच्या साखरपुड्याचे फोटो आले, तेही बघितले. डोळे फिरले, डोकं नाही. शेवटी 'वाचले, मान्य' असं बटण होतं. दाबलं.

पॅकिंगच्या शकीलाआपांना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, "पुरा वाचला ना, भाऊ? आमच्या पॅकिंगचं काही नाही ना त्यात?"

मी हसलो. "आपा, तुम्हाला कळणारे का त्यातलं? दाबा बटण."

दहावी पास माणसाचा माज. माझ्या शब्दावर अकरा बायकांनी बटण दाबलं.

सहाव्या पानावर होतं, पॅकिंग कंत्राटदाराकडे जाणार. एक तारखेला त्या अकरा जणींना गेटवरच अडवलं. चौदा-पंधरा वर्षांची कायम नोकरी गेली. आम्ही साहेबाकडे गेलो, तेव्हाचा तो प्रश्न.

मी म्हणालो, "साहेब, तुम्ही वाचलंय का? कुठल्या पानावर आहे ते दाखवा."

त्याने मोबाइल काढला. वर सरकवला, खाली सरकवला. सापडेना. केबिन एसी, इंग्रजी फाडफाड, आणि अंगठा माझ्यासारखाच आंधळा. "समरी पाहिली होती मी," म्हणाला.

या माणसापुढे मी मान खाली घातली होती.

तिथेच कागद मागून लिहिलं: मी न वाचता मान्य केलं आणि अकरा जणींना फसवून मान्य करायला लावलं. सही केली.

"तुमचंच नाव खराब होईल," साहेब म्हणाला.

"होऊ द्या."

दुसऱ्या दिवशी आठही पानं छापून घेतली. सुट्टीत गेटबाहेर उभं राहून मोठ्याने वाचली. सहाव्या पानावर आपांनी थांबवलं. "फिरसे वाचा."

परत वाचलं. मग सगळ्यांसमोर म्हणालो, "आपा, मी वाचलं नव्हतं. वाचलं म्हणून खोटं बोललो, वर तुम्हाला हसलो. मला माफ करा. आपण कोर्टात जाऊ, तिथेही मी हेच सांगणार आहे, माझी नोकरी गेली तरी."