मिर्वाच्या कपाटातला कॉम्प्युटर

रेइमा माझा मेव्हणा. माझी बहीण मिर्वा त्याला सोडून ऑक्टोबरात वासा शहरात राहायला गेली, तरी मी त्याला मेव्हणाच म्हणत राहिलो. दुसरं काय म्हणावं ते सुचेना.

भांडण असं झालंच नव्हतं. एका शनिवारी मिर्वाने तिची भांडी, पुस्तकं आणि कामाचा कॉम्प्युटर माझ्या व्हॅनमध्ये भरला. कॉम्प्युटर रेइमाने स्वतः उचलून आणला, त्याला रजई गुंडाळली आणि मला म्हणाला, "वळणावर जरा हळू घे, यार्मो." मग घरात जाऊन दार लावून घेतलं.

इथे कोक्कोल्यात तो धातूच्या कारखान्यात कामाला होता, पण त्याचा जीव सगळा कॉम्प्युटरच्या मेमरीत. मेमरी सेकंदाला किती देवाणघेवाण करते तो तिचा वेग, आणि मागितलेलं हातात द्यायला ती किती ठोके थांबते ते टायमिंग. वेग वाढवायचा तर टायमिंग सैल सोडावं लागतं, टायमिंग आवळायचं तर वेग उतरवावा लागतो. दोन्ही एकदम ओढायला गेलं की मशीन कोसळतं. घराच्या मागच्या बाजूला एक न तापवलेली खोली होती. तिथे लोकरी टोपी घालून रेइमा वर्षानुवर्षं ही ओढाताण करत बसायचा. जगभरातले त्याच्यासारखे लोक इंटरनेटवर आपापले आकडे मांडायचे, त्यांत त्याचं नाव बरंच वर होतं. मिर्वाचा कॉम्प्युटरही त्यानेच तसा आवळून दिलेला. तोही त्याच खोलीत असायचा आणि त्याची वायर भिंतीतून मिर्वाच्या टेबलापर्यंत यायची. ती अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. पंख्याचा आवाज तिला चालत नाही.

ती गेल्यावर रेइमा कामावर जायचा, घरी यायचा. रविवारी आमच्याकडे जेवायला बोलावलं की यायचा आणि वाढलेलं संपवायचा. "कसा आहेस?" म्हटलं की "ठीक." माझी बायको म्हणायची, "अरे, हा रडला तरी बरं वाटेल मला."

फेब्रुवारीत मिर्वाने त्याला फोन केला. मशीन तासाभरात बंद पडत होतं, नेमकं प्रकरणाच्या मध्यावर. वासातल्या एका दुकानाने तपासून काही दोष नाही म्हणून परत दिलं होतं. रेइमाने मला एवढंच विचारलं, "गुरुवारी गाडी देशील?"

"मीच येतो," मी म्हटलं. त्याला एकट्याने गाडी चालवू द्यावीशी वाटेना.

दोन तासांच्या रस्त्यात तो खिडकीकडे तोंड करून बसला. बाहेर पांढरी शेतं होती आणि तो त्यांच्याकडे बघतोय की नाही हेही कळत नव्हतं.

मिर्वाने दार उघडलं. "बूट तिथे काढा. कॉफी ठेवलीय." नवऱ्याला आणि भावाला एकाच सुरात. तिच्या लहानशा फ्लॅटमध्ये कॉम्प्युटर कपड्यांच्या कपाटात होता, वर हिवाळी कोट लटकलेले. रेइमाने कपाट सताड उघडलं, कोट पलंगावर टाकले, मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढून पुसल्या. आधी एकच पट्टी बसवून तपासणी लावली, मग दुसरी, मग दोन्ही. एकदाही चूक निघाली नाही.

"मशीन चांगलं आहे," तो म्हणाला.

"कपाट उघडं ठेवलं की चांगलंच असतं," मिर्वा म्हणाली. "मी दार लावून बसते, रेइमा. नाहीतर पंखा ऐकू येतो."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग कोट पुन्हा लटकवले, दार लावलं आणि तपासणी परत सुरू केली. आम्ही वाटाण्याचं सूप प्यायलो. बराच वेळ काही झालं नाही. मग पडद्यावर एक लाल ओळ आली, पाठोपाठ तीन-चार. रेइमाने कपाटात हात घालून पट्टीला बोट लावलं.

"तापतेय," तो म्हणाला. "मेमरीत ठेवलेलं आपोआप विरत जातं. ते पुन्हा पुन्हा भरावं लागतं. त्या भरण्यात वेळ जातो, म्हणून मी ते शक्य तितकं लांबवलं होतं. त्या थंड खोलीत चालून गेलं. उबेत लवकर विरतं."

"दुकानवाल्याला का नाही कळलं?"

"त्याने टेबलावर उघडं ठेवून पाहिलं असणार. मीही आत्ता तेच केलं."

त्याने दोन भरण्यांमधलं लांबवलेलं अंतर पुन्हा मूळचं केलं. चुका कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. मग वेग एक पायरी उतरवला. "आता टायमिंग थोडं आवळतो," तो म्हणाला, "म्हणजे गेलेलं बरंचसं भरून निघेल."

"नको आवळूस. सैल राहू दे."

"हळू होईल."

"मला कळेल?"

"नाही."

"आणि इतकी वर्षं? तेव्हा मला फरक कळत होता?"

"नाही."

"मग कशासाठी रे?"

"मला कळायचा," रेइमा म्हणाला. "आकड्यांत."

मिर्वाने सुपाच्या वाट्या उचलल्या आणि सिंकमध्ये ठेवल्या. ती चिडली नव्हती. नळाचं पाणी मात्र बराच वेळ नुसतंच वाहत होतं. रेइमाने टायमिंगला हात लावला नाही. दार लावून तपासणी शेवटपर्यंत चालू दिली. एकही लाल ओळ आली नाही.

मिर्वाने माइक लावून वाचायला घेतलं. दीपगृहावरच्या कुटुंबाची कुठलीशी गोष्ट होती. आम्ही बाहेरच्या खोलीत हलायचं नाही म्हणून पुतळ्यासारखे बसलो. रेइमाच्या अंगावर जॅकेट होतं, हात मांडीवर. प्रकरण संपलं तेव्हा ती म्हणाली, "झालं. आभारी आहे." तो म्हणाला, "बरं." आम्ही बूट घातले.

परतताना पेट्रोल पंपावर थांबलो. मी डोनट घेतले. त्याने त्याचा अर्धा खाल्ला, बोटांवरची साखर बघत बसला आणि म्हणाला, "यार्मो, मला तिथे काहीच झालं नाही. तिचा आवाज ऐकत होतो, पण आत काहीच हललं नाही. वाईट वाटायला हवं होतं ना?"

"हवं होतं."

"आई गेली तेव्हा वाटलं होतं. म्हणजे मला येतं ते."

"डॉक्टरकडे जाशील?"

"तू म्हणतोस तर जातो."

खरंच गेला. गोळ्या सुरू झाल्या, शिवाय आठवड्यातून एकदा एका बाईसमोर बसून बोलायचं. काय बोलतो, मी विचारलं नाही. उन्हाळ्यात घटस्फोटाचे कागद आले, त्याने सही करून पाठवले आणि संध्याकाळी आमच्या सौनात, त्या तापवलेल्या लाकडी खोलीत, येऊन बसला. माझ्या बायकोने नंतर विचारलं, कसा होता? मी म्हटलं, तसाच होता. पण घाम पुसताना मला म्हणाला, फार गरम होतंय, दार जरा उघड. गेल्या ऑक्टोबरपासून त्याने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला तरी आठवत नव्हतं. मी उठून दार उघडलं.