सहा मोटारींचा बँड

ताईला राग आला की तिचे हात अधिकच सावकाश चालत. त्या दुपारी जळक्या मोटारीत तांब्याची तार भरताना ती एकेक वेढा असा बसवत होती, की समोरच्या बाकावरच्या धाकट्या भावाला घाम फुटला. टेपवर त्यांच्या बँडचं पहिलं रेकॉर्डिंग वाजत होतं आणि त्यात ताई कुठेच नव्हती.

मोटार-वाइंडिंगचं हे दुकान वडिलांमागे तिनेच तगवलं होतं. तीन वर्षांपूर्वी धाकट्याचा अ‍ॅम्प्लिफायर जळाला, तो तिने दुरुस्त करून दिला. चालतो का पाहायला त्याने तिथेच गिटार छेडली. फळीवर शिलाई मशीनच्या मोटारी चाचणीसाठी फिरत होत्या. त्यांतल्या एकीची घरघर आणि गिटारची जाड तार एका सुरात मिळाली. बहीणभाऊ एकमेकांकडे पाहतच राहिले. ‘कोणाला शॉक बसला का?’ म्हणून विचारायला आलेला शेजारचा पत्रेवाला हातातल्या हातोडीने ताल धरत तिथेच बसला. बँड झाला तो असा.

पुढे ताईने सहा मोटारी एका फळीवर बसवून प्रत्येकीला वेगाचं बटण दिलं. संध्याकाळी गल्लीतले दिवे लागले की वीज मंदावे आणि मोटारींचा सूर घसरे. धाकटा वाजवता वाजवता खुंट्या पिळून त्यांच्यामागोमाग खाली उतरे. लोक म्हणत, ‘लग्नाच्या वयाची पोर, आणि घरात गिरणी घातलीय!’ वर्षभराने तेच लोक दाराशी खुर्च्या टाकून बसू लागले. शाळेच्या सभागृहात कार्यक्रम झाला तेव्हा दीडशे माणसं आली.

मग स्टुडिओ. रेकॉर्डिस्टने तिघांचे आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतले.

“तो म्हणाला, खरखर तेवढी साफ केली,” धाकटा पुटपुटला.

“खरखर?”

“तसं नव्हे गं, ताई...”

“मग कसं? तू काय म्हणालास त्याला?”

 उत्तर दाराशी बसलेल्या पत्रेवाल्याने दिलं. “हा मान डोलवत होता. मी काचेतून पाहिलं. मला वाटलं, तुम्हा भावंडांचं ठरलंय. नंदीबैल परवडला, ताई!”

“तू तुझे पत्रे बडव,” धाकटा उसळला. “लोकांना गाणं ऐकायचंय, कारखाना नाही!”

ताईने तार खाली ठेवली. “ऐक मग तुझं गाणं.” तिने टेपचा आवाज वाढवला.

गिटार चालता चालता घसरू लागली. जिच्या मागे ती उतरत होती ती घरघरच कापून टाकलेली. उरला तो वाट चुकल्यासारखा भरकटणारा बेसूर. पत्रेवाला फस्सकन हसला. धाकट्याचे कान लाल झाले.

“गिटार घसरते, असं रेकॉर्डिस्टही म्हणाला,” तो म्हणाला. “उद्या मी पुन्हा वाजवणार आहे. सरळ सुरात. त्याने बोलावलंय.”

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते ताईला तेव्हा कळलं. चूक दिसल्यावर तो मोटारी परत घालायला सांगेल, असं तिला अजूनही वाटत होतं. त्याने त्यापेक्षा तीन वर्षं पुसून टाकणं सोपं मानलं.

“जा की. पण बँडचं नाव त्यावर घालायचं नाही. तुझं एकट्याचं घाल.”

“नाव मी ठेवलंय!”

“आणि सूर मी दिलाय. त्या काचेमागच्या शहाण्याला हेही सांग, की माझी मोटार बिघडली तर मी दुरुस्त करते. फेकून देत नाही.”

“घरातलं भांडण चव्हाट्यावर आणतेस?”

“तू मला घरातही ठेवलं नाहीस, भाऊराया.”

धाकट्याने पत्रेवाल्याकडे पाहिलं. “तू येतोस ना उद्या?”

पत्रेवाला उठला, भिंतीशी टेकवलेले पत्रे उचलून ताईच्या फळीजवळ मांडू लागला. ताईने पहिली मोटार सुरू केली, मग दुसरी. धाकटा काहीतरी बोलत होता. त्याचे ओठ हलताना दिसत होते. तिने सहाव्या मोटारीचं बटण शेवटापर्यंत फिरवलं आणि तो दाराबाहेर पडेपर्यंत मान वर केली नाही.