टिटवाळ्याला नेलेली वाकटी

ठाण्याहून निघताना कामं तीन होती: मासळी घेणं, कल्याणची बस पकडणं आणि टिटवाळ्याला धाकट्या बहिणीला, सुमनला, मासे खाऊ घालणं. तिसरं अवघड. वर्षापूर्वी मेहुणे गेले आणि तिने वशाट (मासे-मटण) सोडलं. नवरा गेलेल्या बाईने खायचं नाही, अशी तिच्या सासरची रीत. सासूबाई स्वतः तरुणपणापासून ती पाळत आलेल्या. माहेरी असताना सुमन वाकटीवर जीव टाकायची.

बाजारात वाकट्या (पट्ट्यासारखे लांब मासे) टोपलीबाहेर लोंबत होत्या. खवले नाहीत, अंग रुपेरी, शेपटीच्या जागी नुसतं दोऱ्यासारखं टोक. ताजी आहे का बघायला मी तोंडाशी बोट नेलं.

"आगो बाय, दात हायेत! मेली तरी चावल," कोळीण ओरडली. पोट चिरलं तर आत छोटी वाकटीच निघाली. "आपल्याच जातीला खाते ही," म्हणत तिने ती बाजूला टाकली.

कालवणासाठी डोकीही घेतली, ती चूक झाली. बसमध्ये दातांनी पिशवी फाडली.

"कोणाचं पाणी गळतंय?" कंडक्टरने विचारलं.

"माझं."

"मावशी, समुद्रच घेऊन निघालात की!"

कल्याणला पिशवी बदलली, रिक्षा केली. शहाडला उल्हास नदी लागली, मग टिटवाळ्याच्या नव्या इमारती.

सुमनने पिशवी उघडली आणि लगेच मिटली. "ताई, परत ने. आईंना चालणार नाही."

"तू खा. बोलणी मी खाते," सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले.

त्या बाहेर आल्या. वाकट्यांकडे बघत राहिल्या. "चिंच भिजत घाल," एवढंच सुमनला म्हणाल्या.

ताटं वाढली, पण सुमनचा हात पुढे होईना. सासूबाईंनी तिच्या ताटातल्या तुकडीचा काटा अलगद सोडवला.

"खा गं. मला तेव्हा कुणी खा म्हटलं नाही."

सुमनने घास घेतला. डोळे वाहत होते, ते न पुसताच जेवत राहिली.

परतीच्या बसमध्ये लक्षात आलं. आम्ही दोघी तुकड्या संपवत होतो, तेव्हा सासूबाई ताकभात कालवत होत्या. मासळी मी दोघींपुरतीच घेतली होती. त्यांच्याशी भांडायची सगळी तयारी करून गेले होते. त्यांना वाढायची मात्र केली नव्हती.