निरोगी गटातल्या मावशी

"घ्या, लागंल तेवढं रगत घ्या," असं म्हणून मावशी हात टेबलावर ठेवायच्या आणि सुईकडे न बघता भिंतीकडे बघत बसायच्या.

बारामतीच्या एका दवाखान्यात मी रक्ताचे नमुने घेते. तिथं फुप्फुसाच्या कॅन्सरवर संशोधन चालू होतं. शेळगावच्या या मावशी आजारी नवऱ्याला घेऊन यायच्या. स्वतः ठणठणीत. तुलनेसाठी निरोगी माणसांचंही रक्त लागायचं. विचारलं तर लगेच तयार झाल्या.

"ह्यात बघता काय?"

मी सांगितलं, पेशींमध्ये मायक्रोआरएनए नावाचे अगदी बारीक तुकडे असतात. पेशीतली बरीच कामं त्यांच्या ताब्यात. कॅन्सरमध्ये त्यांचं प्रमाण बिघडतं आणि तो बिघाड रक्तातही दिसतो. त्यावरून रोग लवकर ओळखता येईल का, हे शोधतोय.

"मग त्ये नीट केलं की मालक बरं व्हतील?"

"तसं औषध शोधतायत, मावशी. अजून हाती आलेलं नाही."

"बरं."

हे 'बरं' त्या कशालाही म्हणायच्या. केमो थांबवली, बरं. घरी न्या, बरं.

नवरा गेला. पुढच्या नमुन्याच्या दिवशी मावशी एसटीनं एकट्या आल्या, कपाळ मोकळं.

"मालक गेलं. पर येते म्हणून सांगितलं व्हतं ना तुमाला."

सुई टोचली, नळीवर नंबर लिहिला. माझ्या आत काही हललं नाही. या खोलीत बसून बसून माणूस तसा होतो.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी मला बोलावलं. मावशींचं रक्त रोग्यांच्या रक्तासारखं दिसत होतं. "चाचणी अजून पक्की नाही," ते म्हणाले, "पण स्कॅन करून घेऊ." स्कॅनमध्ये फुप्फुसात लहानशी गाठ निघाली.

"लवकर सापडलंय. ऑपरेशननं निघेल," डॉक्टरांनी मावशींना समजावलं.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "मग मालकाचं का न्हाय सापडलं लवकर?"

डॉक्टर रिपोर्ट चाळत राहिले. शेवटी मावशीच म्हणाल्या, "बरं."

पुण्यात ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली. पुन्हा तपासायला या, म्हणून मी फोन केला.

"न्हाय ताई. आता मला काय कळायला नको."

"पण परत उद्भवलं तर?"

"व्हय. उद्भवंल." आवाजात राग नव्हता, रडूही नव्हतं. फोन बंद झाला. मी संशोधनातून त्यांचं नाव कमी केलं.

परवा इंदापूरला जाताना रस्त्यालगतच्या पेरूच्या बागेत त्या दिसल्या. कोवळ्या फळांना फोमची जाळी चढवत होत्या. ऑपरेशनच्या बाजूचा हात वर जात नव्हता, म्हणून दुसऱ्या हातानं फांदी खाली ओढायची, ती काखेत दाबायची, मग जाळी. मी गाडी थांबवली. त्यांनी मला ओळखलं. क्षणभर पाहिलं, आणि पुढची फांदी ओढली.