जाळीपलीकडचं ग्रीस: अद-दूरला एक शनिवार

मम्मीला करिंथ बघायचं होतं. वसईच्या चर्चमध्ये लहानपणापासून संत पौलाची करिंथकरांना लिहिलेली पत्रं ऐकल्यामुळे, हे करिंथकर आहेत तरी कोण, हा तिचा जुना प्रश्न. पण डॅडी पुढच्या महिन्यात इथल्या, आखातातल्या, देरा बाजारातल्या ट्रेडिंग ऑफिसमधून रिटायर होतायत. व्हिसा संपेल, दोघं वसईला परतणार. ग्रीसला वेळ उरला नाही. मी सर्व्हे इंजिनिअर, म्हणून जवळचा पर्याय शोधला: उम्म अल कुवैनमधलं अद-दूर, ग्रीक छाप असलेल्या दोन हजार वर्षं जुन्या बंदराचे अवशेष. अल बर्शातल्या आमच्या घरापासून साधारण ऐंशी किलोमीटर.

माझं आणखी एक काम होतं. इथे नोकरी करणारी मुलगी आईवडिलांना स्वतःच्या व्हिसावर ठेवू शकते. अर्ज फोनमध्ये भरून तयार होता, त्यांना विचारायचं तेवढं राहिलं होतं.

सातला निघालो. शारजाची गर्दी टाळायची तर याहून उशीर करू नका. वाटेत करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा, दोन दिरहम. "म्हणजे पन्नास रुपये!" मम्मी म्हणाली आणि दुसरा कप मागवला.

अद-दूरला वाळू, खुरटी झुडपं, सूर्यदेवाच्या देवळाच्या दगडी भिंती आणि या सगळ्याभोवती कुंपण. आत जायला आधी परवानगी लागते. मी ती काढली नव्हती.

"ग्रीस दाखवते म्हणाली, आणि जाळीतून दाखवते," मम्मी.

"हे ग्रीस नाहीच. इथले लोक इथलेच. ग्रीक वळण व्यापारातून आलं. या भागातली नाणीसुद्धा सिकंदराच्या नाण्यांची नक्कल."

डॅडींनी जाळीला नाक लावलं. "डुप्लिकेट माल? अगं, मग हे देराच की!"

पुढची वीस मिनिटं होड्या कुठे लागायच्या, माल कुठे उतरायचा आणि मॅनेजर कुठल्या सावलीत बसायचा, हे त्यांनी सांगितलं. मी यातलं काही कुठे वाचलं नव्हतं, पण खोडताही येईना.

दुपारी खाडीकाठी तळलेली मासळी खाल्ली. कांदळवनाजवळ फ्लेमिंगो होते. मी मोजत होते. सदतीसवर थांबले आणि विचारलं, "माझ्या व्हिसावर राहाल?"

डॅडी हसले. "तू स्पॉन्सर? मग रात्री दहाच्या आत घरी यायचं?"

"मी बावीस वर्षं तुमच्या व्हिसावर होते."

"तुला मोठं व्हायचं काम होतं, बाळा. मला इथे काय काम?" मग हळूच म्हणाले, "मला घरी जायचंय गं. खलास."

"ठीक आहे. मला काही अडचण नाही," मी म्हटलं. हे खरं नव्हतं, एवढी नोंद इथे करते.

परतताना, आता एकटीसाठी घर बघावं लागेल, असं मी स्वतःशीच पुटपुटले. मम्मी मागच्या सीटवर झोपली होती. निदान मला तसं वाटलं.

तुम्ही जाणार असाल तर हिवाळ्यात जा, आणि परवानगी काढून जा. ग्रीस म्हणाल तर फारसं नाही. पण तीस वर्षं गोदामांच्या गोष्टी सांगणाऱ्या डॅडींना मी त्या दिवशी पहिल्यांदा मध्ये न तोडता ऐकलं. माझ्यापाशी राहिलं ते एवढंच.

रविवारी फोनमधला अर्ज डिलीट केला आणि एकटीपुरतं घर शोधायला बसले. मम्मीने खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावलं.

"एकच बेडरूम? आम्ही व्हिजिटवर आलो की काय हॉलमध्ये झोपायचं?"

मी एक खोडून दोन केलं.