डावीकडचं बटण

आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिला. वडील तलावात मासे धरायचे, आई धानाच्या बांधीत रोवणी-कापणीला जायची. दोघांनाही सही येत नव्हती. मला शिकवताना त्यांनी काय सोसलं ते सांगून संपणारं नाही, म्हणून ते इथे लिहीत नाही. एक कबुली मात्र लिहायची आहे.

एटापल्लीच्या पलीकडे एका आश्रमशाळेत मी शिक्षणसेवक म्हणून लागलो. गाव माझं नागभीडच्या बाजूला. धाकट्या बहिणीला सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार होता. दोन-तीन महिन्यांनी एकदा तिच्या हातापायांत कळा उठायच्या, कधी छातीत दुखून दम लागायचा, आणि मग उशीर न करता दवाखाना गाठावा लागे. गावात गाडी नव्हती. दोन कोसांवरच्या फाट्यावर एक काळीपिवळी जीप असायची. फोन केला की तिचा मालक यायचा. तेवढ्यासाठी मी चंद्रपूरहून एकाच जातीचे दोन जुने मोबाइल आणले. एक मला, एक घरी. गाणी वाजणारे मुद्दाम पाहून घेतले, कारण दुखण्यात पडल्या पडल्या बहीण गाणी ऐकायची.

वडिलांनी मिठाच्या पुड्याच्या प्लास्टिकची पिशवी शिवली आणि मोबाइल त्यात घालून गळ्यात अडकवला. पडद्यावरचं सगळं इंग्रजीत. मला बस गाठायची होती. हिरव्या बटणाने लावायचा, लाल बटणाने ठेवायचा, एवढं शिकवलं आणि निघता निघता म्हणालो, मधेच काही लिहून आलं तर डावीकडचं बटण दाबा, विचार करत बसू नका. डावीकडे ‘हो’ असायचं, उजवीकडे ‘नाही’. वडिलांनी माझ्यासमोर तीनदा दाबून दाखवलं.

त्या दिवाळीला घरी येताना नागभीडच्या फलाटावर गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या माणसाकडे नवी गाणी होती. तेव्हा ब्लूटूथ नवलाचं होतं. दोन्ही फोनांवर ते चालू करायचं, चार शून्यांचा आकडा टाकायचा, की वायरीवाचून गाणं इकडून तिकडे. आकडा सगळ्यांचा तोच. मी बहिणीसाठी पाच गाणी घेतली आणि ब्लूटूथ तसंच चालू ठेवलं. थोड्या वेळाने पडद्यावर प्रश्न आला: अनोळखी फोनवरून काहीतरी येत आहे, घ्यायचं का? मी नाही म्हटलं. पुन्हा आला, पुन्हा नाही. चौथ्या वेळी वैतागून हो म्हटलं आणि विसरून गेलो.

घरी गाणी दिली, त्यासाठी तिथल्या फोनचंही ब्लूटूथ उघडलं. दोन दिवस राहून मी शाळेवर परत गेलो. तिथे सिग्नल नव्हता, माझा फोन बंदच पडून असायचा.

पुढचं मला नंतर कळलं. मी निघायच्या सकाळी अंघोळीला गेलो होतो, तेव्हाच वडिलांच्या फोनवर तो प्रश्न येऊ लागला होता. बहीण नववीत होती, तिला थोडं वाचता यायचं. ती म्हणाली, हे काही वेगळंच दिसते. वडील म्हणाले, “दादानं सांगतलं हाये,” आणि डावीकडचं बटण दाबलं.

तो फोनचा व्हायरस होता. आत शिरला की फोन दिवसभर हवेत दुसरे फोन शोधत राही आणि बॅटरी पिऊन टाकी. एरवी तीन दिवस पुरणारी बॅटरी अर्ध्या दिवसात संपायची. मी गेल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी बहिणीची छाती दुखू लागली. तिचा श्वास पुरेना. वडील तलावाच्या पाळीवर, उंच बांधावर चढले, सिग्नल तिथेच मिळायचा. नंबर लावला आणि घंटी जाण्याआधी पडदा काळा झाला. लोडशेडिंगमुळे लाइन संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. गावातला दुसरा मोबाइल ज्याचा, तो कापणीला लांब गेलेला. वडील सायकलने फाट्यावर गेले. जीप भाड्यावर गेली होती. ती येईपर्यंत ते रस्त्यावर उभे राहिले.

दवाखाना गाठला तेव्हा दिवस बुडत होता. तीन दिवस ऑक्सिजन लावला, दोन बाटल्या रक्त चढवलं. बहीण वाचली. डॉक्टर आईला एवढंच म्हणाले, पुढच्या वेळी लवकर आणा.

एटापल्लीच्या बाजारादिवशी गावातल्या त्या दुसऱ्या मोबाइलवर फोन लावला तेव्हा मला हे समजलं. मी रजा टाकून दवाखान्यात पोचलो. वऱ्हांड्यात वडिलांनी दुपट्ट्यात गुंडाळलेला मोबाइल माझ्या हातात दिला.

“मायाच हातानं बिघडला, बावा. आमी अनपढ मानसं.”

मी तो दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने माझाही फोन मागून पाहिला. दोन्हींत एकच फाइल होती, आणि तिच्यावरची तारीख माझ्या फोनात दोन दिवस आधीची. “गुरुजी, पयले तुमाले झाला हा रोग,” तो म्हणाला. मग त्याने सांगितलं: काम झालं की ब्लूटूथ बंद करा, आपल्या फोनचं नाव दुसऱ्याला दिसू देऊ नका, चार शून्य बदला, आणि अनोळखी काही आलं तर कितीदाही येवो, नाहीच म्हणा. सांगायला त्याला एक मिनिटही लागलं नाही. दोन्ही फोन त्याने पुसून कोरे केले. त्यात गाणीही गेली.

गप्प राहिलो असतो तर वडिलांनी आयुष्यभर स्वतःला दोष दिला असता. मी दवाखान्यात परतलो. मग बहिणीच्या खाटेजवळ जाऊन सांगितलं, “बाबा, तुमच्या हातून काही बिघडलं नाही. माझ्या फोनातून आलं. अन् हो म्हणायला मीच शिकवलं होतं.”

वायर नसताना कसं आलं, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, गाणी घेतली आणि दार उघडंच राहिलं.

तलावाचं पाणी शेताला सोडायच्या दाराला आमच्याकडे तुडूम म्हणतात. वडील म्हणाले, “म्हंजे पाणी घेतलं अन् तुडूम उघडं ठेवून घरी आला तू.”

“हो.”

“अन् अनपढ आमी.”

बहीण हसली आणि हसताना तिला खोकला आला. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

त्या दुपारी मी वडिलांना पुन्हा शिकवायला बसलो, या वेळी घाई न करता. ‘हो’ आणि ‘नाही’ची इंग्रजी अक्षरं वहीत मोठी काढून दिली. ‘नाही’ची दोनच, ती त्यांना लगेच ओळखू येऊ लागली. मग परीक्षा म्हणून त्यांच्या फोनचं ब्लूटूथ उघडलं आणि वऱ्हांड्यात जाऊन माझ्या फोनवरून एक फोटो काढून पाठवला. परत आलो तर त्यांनी तो नाकारलेला होता.

“बाबा, तो माझाच होता.”

“मले काय मालूम? पयले येऊन सांगाचं.”